लिफाफा कुणाच्या हातात?

काकांच्या जेवणाच्या टेबलावर मतपत्रिका उघडी पडली आहे. शेजारी काळ्या शाईचं पेन, चष्म्याचं घर, गुडघ्याला चोळायचं मलम. पावणेसात होत आलेत. खिडकीबाहेर मिट्ट काळोख. रविवारीच इथली घड्याळं तासभर मागे गेली, त्यामुळे डेट्रॉईटच्या या उपनगरात आता सव्वापाच वाजून गेले की दिवस संपतो. आज मंगळवार, 4 नोव्हेंबर 2025. गावच्या निवडणुकीचा दिवस : महापौर, नगर परिषदेच्या तीन जागा आणि एक कराचा प्रस्ताव.

"पाच आठवडे ही घरात पडून आहे, काका," माझी धाकटी बहीण म्हणते.

"पडून नाही, विचाराधीन आहे," काका म्हणतात. सांगलीच्या एका बँकेत सगळी नोकरी झाली, निवृत्तीनंतर मुलाकडे आले, इथले नागरिक झाले. मत शेवटच्या दिवशी द्यायचं, कारण शेवटच्या दोन दिवसांत माणसाचा खरा रंग दिसतो, हे त्यांचं सांगलीतलं मत अजून बदललेलं नाही. मुलगा कंपनीच्या कामानं मेक्सिकोत आहे. सून इस्पितळात रात्रपाळीला गेली आहे. गुडघा बदलून महिनाही झालेला नाही, म्हणून गाडी चालवायला बंदी.

समोरच्या घरातला तरुण सूपचा डबा घेऊन आलेला आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये जन्मला, वाढला. गेल्या वर्षी इकडे नोकरीला आला. मराठी छान बोलतो. परिस्थिती त्याला एका नजरेत कळते. "एवढं काय त्यात? भरा आणि पोस्टात टाका. आजचा शिक्का पडला की झालं."

"ते तुमच्या न्यू जर्सीत," बहीण म्हणते.

न्यू जर्सीत निवडणुकीच्या दिवसाचा शिक्का असेल, तर पाकीट नंतर सहा दिवसांपर्यंत पोचलं तरी मोजतात. मिशिगनमध्ये शिक्क्याला किंमत नाही. रात्री आठला मतदान संपतं. पाकीट त्याच्या आत आपल्या शहराच्या क्लार्कच्या, म्हणजे इथे निवडणूक सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात हवं. सैन्यातल्या आणि परदेशातल्या मतदारांना तेवढी सहा दिवसांची सवलत आहे. बाकी कुणी महिनाभर आधी पोस्टात टाकलेलं असो आणि पोस्टाकडून उशीर झालेला असो, आठनंतर आलेलं पाकीट उशिराचंच. हे बहिणीला पाठ आहे, कारण 2020 साली ती इथल्या मतदान केंद्रावर काम करायला जात होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या प्राथमिक निवडणुकीत राज्यात साडेदहा हजारांच्या वर टपाली मतं बाद झाली आणि त्यांतली सहा हजारांहून जास्त केवळ उशिरा पोचली म्हणून. सहीचा घोळ, पत्ता बदललेला, मतदार मरण पावलेला, हे सगळं त्यानंतर.

"बरं, मग मी नेऊन टाकतो," तो म्हणतो. "मी तिकडूनच जिमला चाललोय. सिटी हॉलची पेटी रस्त्यावरच आहे."

"नाही!" आता मात्र बहिणीचा आवाज चढतो.

तो बावचळून बघतो. काकाही बघतात. मला तर ते फार तुटक वाटतं. पोरगा सूप घेऊन आलाय, चांगल्या मनानं म्हणतोय. ती परतीचा लिफाफा उलटा करून बारीक अक्षरांवर बोट ठेवते. दुसऱ्याची भरलेली मतपत्रिका कुणी हातात घ्यायची, हे या राज्याच्या कायद्यानं माणसं मोजून ठरवलं आहे. मतदार स्वतः. त्याच्या घरात राहणारं कुणी. जवळचे नातेवाईक, आणि मग कायदा नाती एकेक करून सांगत बसतो : सासू, सासरे, मेहुणा, दीर, नणंद, जावई, सून, आजी-आजोबा, नातवंडं. टपाल हाताळणं ज्याचं कामच आहे तो पोस्टमन. आणि क्लार्कची अधिकृत माणसं. यांच्याबाहेरच्या माणसानं ते पाकीट नेणं हा इथे गंभीर फौजदारी गुन्हा आहे.

अमेरिकेच्या कायद्यात दीर-नणंदांची इतकी आस्थेनं घेतलेली नोंद मी पहिल्यांदा बघते आहे. चुलतभाऊ मात्र नावानं कुठे नाही. मावशी नाही. आमच्या घरातली निम्मी कामं ज्यांच्या जिवावर चालतात ती माणसं या यादीत बसत नाहीत, आणि शेजारी तर नाहीच नाही.

"आमच्याकडे तीन जणांची पाकिटं नेता येतात," तरुण पुटपुटतो. मग स्वतःच थांबतो. "अर्थात, पॅटरसनला काय झालं ते माहितीये मला."

मे 2020. करोना. पॅटरसन या न्यू जर्सीतल्या शहराची निवडणूक सबंधच्या सबंध टपालानं झाली. पाकिटांचा शेकड्यांनी गठ्ठा एकाच टपालपेटीत सापडला. जवळजवळ पाचांतली एक मतपत्रिका बाद झाली, खटले उभे राहिले, आणि एका प्रभागाची निवडणूक न्यायाधीशांनी पुन्हा घ्यायला लावली. तो हे सांगत असताना मला कायद्याचा रोख कळू लागतो. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत तुमचं पाकीट मागायला दारात येणारा परका असतो, आणि परक्याला माणूस सहसा देत नाही. गावच्या निवडणुकीत जो येतो तो ओळखीचा असतो. त्याचा मुलगा तुमच्या नातीच्या वर्गात असतो. त्याला नाही म्हणता येत नाही. 'मी टाकतो ना' हे वाक्य नेमकं इथे, नेमकं लहान निवडणुकीत, सगळ्यात धोक्याचं ठरतं.

पण मग घरातली माणसं एकजात विश्वासाची, हे कसं काय धरलं? सासूचं पाकीट सून नेणार, बायकोचं नवरा. टेबलाशी बसून कुणी कुणाला काय भरायला लावलं, ते या यादीला दिसत नाही. मी बहिणीला तसं म्हणते. "दिसत नाही," ती मान्य करते. "पण आता सात वाजलेत, ताई."

काका पेन उचलतात. आम्ही तिघं आपोआप स्वयंपाकघराकडे वळतो. तरुण फ्रिजवरचे फोटो बघत राहतो. मागून काकांचा श्वास ऐकू येतो, आणि मधूनच, "यानं रस्त्याचं काय केलं?" हे कुणालाच उद्देशून नाही.

क्लार्कनं माणूस पाठवून पाकीट घरून नेण्याचीही सोय आहे, पण ती मागायची मुदत मतदानाआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपते. तेव्हा काका विचार करत होते. मतपत्रिका घेऊन स्वतःच्या केंद्रावर जायचं आणि तिथल्या यंत्रात आपल्या हातानं सरकवायची, हेही आता चालतं. पण केंद्र शाळेच्या व्यायामशाळेत आहे आणि गाडीतळापासून बरंच चालावं लागतं. नऊ दिवसांचं आगाऊ मतदान राज्याच्या आणि देशाच्या निवडणुकांना सक्तीचं असलं, तरी गावच्या निवडणुकीत ते शहराच्या मर्जीवर. या वेळी इथे ते नाही. उरते सिटी हॉलची पेटी, आणि उरतात काका स्वतः.

"झालं," काका म्हणतात.

मतपत्रिका आधी गोपनीयतेच्या खोळीत जाते. तिच्या वरच्या टोकाला क्रमांकाची चिठ्ठी आहे, ती फाडायची नाही. पाकिटावरच्या क्रमांकाशी ती जुळवून मोजणारी माणसंच फाडतात, आणि तिथून पुढे मत कुणाचं ते कुणाला कळत नाही. खोळ लिफाफ्यात. लिफाफा बंद. मागच्या बाजूला सही.

सही काका मराठीत करतात. बँकेत करत तीच, आडनावाच्या शेवटच्या अक्षराला मागे वळवून रेघ देणारी. इथल्या वाहन परवान्यावरही त्यांनी तीच केली आहे, आणि मतदार यादीतही नमुना म्हणून तीच आहे. पण औषधांनी हात थरथरतो. रेघ मागे वळायच्या आधीच खाली घसरते.

"जुळेल का गं?" ते विचारतात.

"फोन नंबर लिहा पाकिटावर. शंका आली तर ते फोन करतात." काका नंबर लिहितात. आकडे मात्र बँकेतल्यासारखे, सुबक.

दारात कोट चढवताना त्यांना काठी, जिना आणि पाकीट एकदम सांभाळता येत नाही. मी हात पुढे करते. "ताई, तू नको," बहीण म्हणते. मी पर्यटक व्हिसावर आलेली बाई. मला या देशात मत नाही, आणि 'काका' ही नुसती हाक आहे, नातं नाही. काठी मी धरते. पाकीट ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात आणि वरून बटण लावतात.

बहिणीच्या पर्समध्ये दुसरं एक पाकीट आहे, तिच्या सासूबाईंचं. त्यांनी ते सकाळी पूजा झाल्यावर भरलं, सही केली आणि सुनेच्या हातात दिलं. तेव्हा एकाच गाडीतून दोन मतं चालली आहेत. एक सुनेच्या पर्समध्ये, पूर्ण कायदेशीर. दुसरं ज्याचं त्याच्या छातीशी. माणसाला गाडीतून नेण्यावर कायद्याची हरकत नाही, फक्त पाकिटापुरती आहे.

गाडीत रेडिओ लागलेला आहे. डेट्रॉईट शहरही आज महापौर निवडतंय. माइक डगन बारा वर्षांनी पायउतार होताहेत, मेरी शेफील्ड आणि सॉलोमन किनलॉक यांच्यात सामना आहे. काकांना त्यात रस नाही. ते मागे वळून मला विचारतात, "बाई, तिकडची बातमी खरी का?" खरी आहे. आजच राज्य निवडणूक आयोगानं महाराष्ट्रातल्या 246 नगर परिषदा आणि 42 नगर पंचायतींच्या निवडणुका जाहीर केल्या, मतदान 2 डिसेंबरला. आमचं कराडही त्यात आहे. गावाकडच्या गटावर सकाळपासून दुसरा विषय नाही.

मी शिक्षिका होते, म्हणजे निवडणुकीची ड्यूटी आलीच. लोकसभा-विधानसभेला दुसऱ्यांची मतं घेता घेता आमचं स्वतःचं टपालानं जायचं. आत एक लिफाफा, बाहेर एक, सोबत घोषणापत्र आणि त्यावर अधिकाऱ्याचं साक्षांकन. ते मतमोजणी सुरू व्हायच्या ठरल्या वेळेआधी पोचलं पाहिजे, एवढीच अट. मधल्या दिवसांत ते कुणाकडे आहे, हे कुणी विचारत नसे, आणि विचारायला हवं होतं. 2023 साली तो नियम बदलला. ड्यूटीवरच्यांनी आता सुविधा केंद्रातच मत भरून तिथेच द्यायचं. मतपत्रिका घेऊन घरी जायचं नाही.

सिटी हॉलच्या आवारात सात पंचवीसला आम्ही शिरतो. पेटी दारापासून थोडी दूर आहे, सिमेंटच्या चौथऱ्यात बोल्टनं घट्ट केलेली, वर दिवा आणि कॅमेरा. गाड्यांची रांग हळूहळू पुढे सरकते. काच खाली होते, हात बाहेर येतो, पाकीट आत. 2022 च्या नोव्हेंबरात मिशिगनच्या मतदारांनी राज्यघटनेतच दुरुस्ती करून घेतली : प्रत्येक गावात निदान एक पेटी, आणि मोठ्या गावांत दर 15,000 मतदारांमागे एक. पाकिटाला तिकीट लावायचा खर्चही राज्याचा.

बहीण सासूबाईंचं पाकीट टाकते. काका मात्र उतरायचं म्हणतात.

"इथूनच टाका ना."

"पेटी पोच देते का?"

तर आम्ही आत. क्लार्कच्या कार्यालयात चार खुर्च्या, एक लांब काउंटर, त्यामागे दोन बायका आणि एक तरुण मुलगा. काका पाकीट पुढे करतात. बाई ते उलटं करून सही आहे का एवढं बघते. पोच ती देत नाही. नोंद झाल्यावर राज्याच्या संकेतस्थळावर दिसेल, म्हणते. काकांचा चेहरा पडतो. बहीण सहीच्या थरथरीचं सांगते. बाईचा आवाज मऊ होतो. वयानं, आजारानं हात हलला असेल तर तो फरक आम्ही लक्षात घेतो, ती म्हणते, आणि तरीही जुळली नाही तर फोन येईल. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत दुरुस्त करता येते. म्हणजे पाकिटाला आठनंतर एक मिनिट नाही, पण सहीला तीन दिवस आहेत. मला हे पटतं. उशीर माणसाच्या हातात असतो, निदान बऱ्याच वेळा, थरथर नसते.

आमच्या मागे एक बाई नुकतीच आली आहे. तिच्या पाकिटावर सहीच नाही. काउंटरवरून पेन पुढे सरकतं, ती उभ्या उभ्या सही करते, निघून जाते. सगळं मिळून अर्धा मिनिट. हेच पाकीट तिनं बाहेर पेटीत टाकलं असतं तर शुक्रवारपर्यंत फोनाफोनी झाली असती.

मग बेसबॉलची टोपी घातलेला, साठीचा एक गृहस्थ. त्याच्या पाकिटावर शेजारच्या टाउनशिपचं नाव आहे. दोन्हीकडच्या बऱ्याच घरांचा टपालाचा पत्ता सारखा, पिन कोड सारखा, निवडणुकीचा क्लार्क मात्र वेगळा. "इथे घेतलं तर आठच्या आत तिकडे पोचेल याची हमी देता येणार नाही," मुलगा म्हणतो आणि कागदावर रस्ता काढून देतो. सात एक्केचाळीस झालेत. गृहस्थ घड्याळाकडे बघतो, शिवी गिळतो आणि जवळजवळ धावतच बाहेर पडतो.

आठची मुदत आणि पाकीट कुणी न्यायचं, हे दोन्ही नियम 2020 साली न्यायालयात गेले होते, बहीण खुर्चीत बसल्या बसल्या सांगते. सप्टेंबरात एका न्यायाधीशांनी दोन्ही सैल केले : आदल्या दिवसापर्यंतचा शिक्का असेल तर पाकीट 14 दिवसांपर्यंत चालेल, आणि शेवटच्या चार दिवसांत मतदार सांगेल तो कुणीही ते नेऊ शकेल. ऑक्टोबरात अपील न्यायालयानं दोन्ही सवलती रद्द केल्या. नियम बनवायचे ते विधिमंडळानं, असं त्याचं म्हणणं. मधल्या महिन्यात लोकांनी तिला फोन करून करून भंडावलं होतं.

"एवढा आटापिटा एका मतासाठी," काका म्हणतात. गुडघा धरून बसलेत.

त्यावर काउंटरवरची बाई (तिला भाषा कळलेली नाही, सूर कळलाय) हसून रॉजर्स सिटीचं सांगते. ह्युरॉन सरोवराच्या काठचं लहानसं गाव. मागच्या नोव्हेंबरात तिथे नगर परिषदेच्या दोघी उमेदवारांना 616-616 मतं पडली. मिशिगनचा कायदा अशा वेळी चिठ्ठ्या काढायला सांगतो. एका चिठ्ठीवर 'निवडून आले', दुसरीवर 'निवडून आले नाही'. दोघींनी पेटीत हात घालून आपापली चिठ्ठी उचलली.

काका हे भाषांतर करून घेतात, मग बराच वेळ काही बोलत नाहीत. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला चार-पाच जणांची रांग आहे. आजच नाव नोंदवून आजच मत देणारी माणसं, बहुतेक विशीतली. बहीण एकदम फोन काढते आणि समोरच्या घरातल्या तरुणाला लावते.

"अरे, तुझं इथे नाव आहे का? ... नाही? ... गावची निवडणूक म्हणून काय झालं, कर तर तूच भरतोस ना? लायसन्स घे. पत्ता जुना असेल तर विजेचं बिल फोनवर दाखव, चालतं. आठला रांगेत असलास तरी पुरे. पळ."

तो तरुण सात सत्तावन्नला घामेजलेला, जिमच्या कपड्यांत दारातून आत येतो आणि रांगेच्या शेवटी उभा राहतो. बरोबर आठला कार्यालयातली दोन माणसं किल्ली घेऊन बाहेर जातात. काचेतून दिसतं : ती पेटीचं तोंड बंद करतात, कुलूप लावतात, आतली पाकिटं पिशवीत भरतात, कागदावर दोघंही सही करतात. आवारात त्याच क्षणी एक गाडी वळते, दिवे पेटीवर पडतात, थांबते. खिडकीपाशी काही बोलणं होतं. गाडी माघारी जाते.

आत मात्र रांग तशीच. आठला जो रांगेत आहे त्याला मत आहे, मग नऊ वाजोत. तरुणाला मतपत्रिका मिळते, तो कोपऱ्यातल्या आडोशाशी जातो आणि मान वर करून आमच्याकडे बघतो. तीन जागा, सहा उमेदवार, एकाचंही नाव त्यानं कधी ऐकलेलं नाही.

काकांचा हात कोटाच्या बाहेरच्या खिशात जातो. घडी घातलेली प्रचारपत्रकं बाहेर येतात, ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा मारलेली. ती पूर्ण उलगडायच्या आत काउंटरवरची बाई उठून आमच्यापाशी पोचते. इमारतीत पलीकडे एक मतदान केंद्र आहे. 100 फुटांच्या आत प्रचाराचा कागद काढायचा नाही. कृपा करून खिशात ठेवा.

काका पत्रकं खिशात ठेवतात. मग बहिणीकडे झुकून हळूच विचारतात, "तोंडी सांगितलं तर? मराठीत?"

"नाही, काका."

"कुणाला कळणार आहे इथे?"

"त्याला कळेल ना," बहीण म्हणते आणि त्यांची काठी त्यांच्या हातात देते.